बिनकागदाची घोडी

मी बूट आणायला गेलतो आणि घोडी घेऊन आलो. दारात बायकोला मी एवढंच सांगितलं. तिचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. तुमचंही होणार नाही, म्हणून नीट सांगतो.

मी अर्जुनराव. जिल्ह्यातल्या एका कचेरीत आवक-जावकच्या खिडकीवर असतो. कचेरी कोणती ते सांगत नाही, कारण आमचे साहेब वाचणारे आहेत. (फायली सोडून सगळं वाचतात.) एकोणीस वर्षं माझं काम एकच. खिडकीतून आलेला कागद उलटासुलटा करायचा आणि त्यात काय नाही ते शोधायचं. कुणाचा फोटो नसतो, कुणाची सही नसते, कुणाचा दाखला असतो पण दाखल्याला जोडायचा दाखला नसतो. ‘हे घेऊन या’ म्हणून मी कागद परत सरकवतो. माणूस शिरूरहून आलाय की गेवराईहून, एस्टीनं आलाय की पायी, हे मी विचारत नाही. भेदभाव मला जमत नाही.

तर दिवाळीनंतर माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला, आणि चालण्याआधी चांगले बूट घ्या. मी ही गोष्ट शेजारच्या टेबलावरच्या बद्रीनाथला सांगितली. इथंच चुकलं.

‘चालून काय होतंय,’ बद्रीनाथ म्हणाला. ‘नुसते पाय हालतेत. घोड्यावर बसा. समदं अंग हालतंय. अन् कुत्री मागं लागत न्हाईत.’

त्यातलं कुत्र्यांचं मला पटलं. शिवाय तासभर चालायचंच आहे, तर ते दुसऱ्या कुणी चालून आपण वर बसलं तर डॉक्टरांची काय हरकत असणार. गेवराईच्या रस्त्यावर ढाब्यामागं कुणीतरी जनावरं विकतंय, असं बद्रीनाथनं कुठंतरी ऐकलं होतं. रविवारी बूट घ्यायला गेवराईला निघालोच होतो. म्हटलं, जाता जाता नुसती बघून यावी.

ढाब्यामागं लिंबाला एक तांबूस घोडी बांधली होती. बुटकी, पोटाला जरा रुंद, आणि चेहऱ्यावर आमच्या साहेबांसारखा भाव, म्हणजे समोरचा काय बोलतोय त्याच्याशी संबंध नाही असा. विकणाऱ्याचं नाव अमरसिंह. पांढरे कपडे, गॉगल कपाळावर.

‘सवारीची आहे का?’ मी विचारलं. (घोड्यांबद्दलचा एवढाच प्रश्न मला येत होता.)

‘सवारी काय म्हणता साहेब, वारं हाय वारं.’

‘कागद?’ सवयीनं तोंडातून गेलं.

‘हायेत की. घरी कपाटात. कागदासकट पायजे तर परवा या, पर परवाचा भाव पन्नास हजार. आज बिनकागदाची पंचवीस. अन् जल्दी करा, जालन्याची पार्टी निघालीय.’ त्यानं रस्त्याकडं हात केला. रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती. मला तिच्यातही जालन्याची पार्टी दिसायला लागली.

‘कागद मग मिळणार कधी?’

‘व्हॉट्सअ‍ॅप करतो की. नंबर सांगा.’

ज्या माणसानं आयुष्यभर एका सहीसाठी लोकांना परत पाठवलं, त्याला त्या क्षणी कागद नसणं ही खोट न वाटता सूट वाटली. अर्ध्या किमतीत घोडी मिळाली म्हणून मी इतका खूश होतो, की ती छोटा हत्ती टेम्पोत चढवताना तिनं माझ्या पायावर पाय दिला तोही मला आपुलकीचा वाटला.

घरी वनमाला दारातच उभी होती. वनमाला माझी पत्नी. तिनं आधी घोडीकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं.

‘अहो, बूट कुठंत?’

‘तिनं घातलेत,’ मी म्हणालो. ‘चारी पायांत. लोखंडी.’

ती हसली नाही. ‘कागद बघितले का हिचे?’

‘येणारेत.’

‘नावात एक काना जास्त पडला म्हणून माझ्या सख्ख्या भावाचा अर्ज तुमी परत केलता.’

‘ते सरकारी काम होतं.’

‘अन् हे?’

‘हा व्यायाम आहे.’

घोडी मागच्या अंगणात शेवग्याला बांधली. तिचं नाव मी रणरागिणी ठेवलं. ते कानावर पडल्यावर तिनं शेपटी हलवली, म्हणजे माशी बसली होती. अमरसिंहचा रोज सकाळी न चुकता मेसेज यायचा. गुलाबाचं फूल आणि खाली ‘शुभ सकाळ’. कागद नाही. पाचव्या दिवशी फूलही आलं नाही. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नव्हता.

पण तेव्हा मला कागदापेक्षा मोठी अडचण होती. घोडी चालत नव्हती.

पहिल्या दिवशी धुण्याच्या दगडावर उभा राहून मी तिच्यावर चढलो. ती नुसती उभी. मी लगाम हलवला, टाचा मारल्या, तोंडानं टक टक केलं. ती उभीच. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊनच चढलो. तिसऱ्या दिवशी पेपर आणि चहा. (साखर तेवढ्यात आणखी वाढली, पण ते पुढं कळलं.)

चौथ्या दिवशी गल्लीत पाण्याचा टँकर आला. वनमालाच्या दोन्ही हातांत कळश्या होत्या. मी वर बसलेलोच होतो. ‘बसलाच हायेत तर धरा,’ म्हणून तिनं दोन कळश्या एका बाजूला दोरीनं अडकवल्या आणि तोल जायला नको म्हणून दुसऱ्या बाजूला पातेलं आणि चरवी. भांड्याला भांडं लागलं आणि घोडीचे कान उभे राहिले. तिनं एकदा मागं वळून सामान पाहिलं, आणि निघाली. अशी झोकात निघाली, की टँकर मागं राहिला.

त्या दिवशी उमगलं. अंगावर भांडी वाजली तरच ही चालते. भांडी काढली की उभी. मी तिच्या दृष्टीनं सामानात मोडत नव्हतो.

मग रोज सकाळी माझी रपेट सुरू झाली. वर मी, दोन्ही अंगांना कळश्या, पातेलं, चरवी, आणि वनमालानं एकदा कंटाळून टाकलेला जुना तवा. खणखणाट करत आम्ही वेशीपर्यंत जायचो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या छबुबाईंनी रस्त्यातच मला थांबवलं.

‘काय झालं अर्जुनराव? लईच भांडणं झाली का?’

‘कुणाची?’

‘न्हाई, माणूस भांड्याकुंड्यासकट घर सोडतंय म्हंजी...’

‘मी फिरायला चाललोय, मावशी.’

‘व्हय व्हय,’ त्या म्हणाल्या. ‘समदे तसंच म्हणतेत.’

ही बातमी कचेरीत माझ्या आधी पोचली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं (एकोणीस वर्षांत पहिल्यांदा), आणि संसारात पुरुषानं थोडं पडतं घ्यावं, यावर वीस मिनिटं बोलले. मी घोडीचा खुलासा केला. त्यावर ते म्हणाले, ‘दुःख प्रत्येकाचं वेगळं असतं.’

रपेटीच्या आठव्या दिवशी हवालदार धोंडीराम यांनी मला वेशीत अडवलं. पहाटेच्या वेळी माणूस भांडी घेऊन घोडीवरून गाव सोडतोय, हे त्यांच्या नोकरीला साजेसं दिसलं असावं.

‘घोडीचा कागद?’

‘मार्गावर आहे.’

‘भांड्यांचा?’

‘भांडी घरची आहेत.’

‘समदे चोर तेच म्हणतेत. मी तुमाला चोर म्हणत न्हाई, साहेब. पर दोन दिवसांत घोडीचा कागद दावा. घोडी हाय, सायकल न्हाई.’

कागद दाखवा हे वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा उच्चारलं होतं, पण ऐकायला ते इतकं वाईट लागतं याची मला कल्पना नव्हती. (पुढं खिडकीवर त्याचा काही परिणाम झाला, असं मात्र समजू नका.)

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाई सुकन्या मॅडम यांच्याकडं गेलो. त्या म्हणाल्या, ‘आधीच्या मालकाची पावती नाही, तर मालकी मी लिहू शकत नाही. घोडीचं वर्णन तेवढं लिहून देते. ओळखीच्या खुणा.’

‘मग त्यात एकही रकाना मोकळा नको,’ मी म्हणालो. कागद हा माझा प्रांत. मी स्वतःच्या हातानं अर्ज लिहून काढला. रंग, उंची, वय, भोवरे, डाग, खोडी, सगळं. दीड तास मी घोडीभोवती फिरत होतो आणि मॅडम तपासून सांगत होत्या. कपाळावर वाटोळा पांढरा ठिपका. डावा कान टोकाला फाटलेला. उजव्या पुठ्ठ्यावर विळ्याच्या आकाराचा भाजल्याचा जुना डाग. मागचा डावा पाय खुरापासून वीतभर पांढरा. गळ्याखाली एक भोवरा. वय नऊ वर्षं. (अमरसिंहनं चार सांगितलं होतं.) शेवटी मालकाच्या रकान्यात मॅडमनी माझं नाव लिहिलं आणि कंसात ‘सांगण्यावरून’ असं घातलं.

‘हे कशाला? कुणाच्या सांगण्यावरून?’

‘तुमच्या,’ त्या म्हणाल्या.

तेवढं एक सोडलं, तर असा परिपूर्ण कागद माझ्या खिडकीतही कधी आला नव्हता. मी त्याचं लॅमिनेशन केलं. हवालदारांना एक झेरॉक्स दिली. आणि आनंदाच्या भरात घोडीवर बसून, हातात तो कागद धरून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, ‘रणरागिणी. अखेर कागदपत्रे पूर्ण.’

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडीरामांचा फोन आला. ‘साहेब, घोडी अन् तो चकचकीत कागद घिऊन चौकीवर या. एक म्हातारी आलीय.’

भांडी अडकवल्याशिवाय घोडी हलेना, म्हणून वनमालाही कळश्या सावरत बरोबर आली.

चौकीत आतल्या बाकावर साठीची एक बारकी बाई बसली होती. नाव साखराबाई. हातात काठी, शेजारी सून दिपाली आणि सुनेच्या मांडीवर तान्हं लेकरू. मेंढपाळ माणसं. माझा स्टेटस कुणी कुणाला पाठवला, तो त्यांच्या मेंढरंवाल्यांच्या ग्रुपवर गेला आणि दिपालीनं आपली घोडी ओळखली. घोडी बाहेर कडुनिंबाला बांधून मी आत आलो, तेव्हा साखराबाई दाराकडं पाठ करून धोंडीरामांशी बोलत होत्या.

‘गेवराईच्या अंगाला मेंढरांचा वाडा बसवलता. सकाळी उठून बगतो तर दावं हाय अन् घोडी न्हाई. पंधरा दिस झाले, एकाच रानात बसलोय. रानाचा मालक रोज म्हणतोय, उठा. उठावं कसं? बिऱ्हाड कशावर न्यावं? ह्या वल्ल्या बाळंतिणीच्या डोक्यावर देऊ का?’

मला ते ऐकून कसंसंच झालं. पण खुर्चीवर बसलो की माझ्या आत काहीतरी आपोआप सुरू होतं.

‘बाई,’ मी म्हणालो, ‘कागद आहे का तुमच्याकडं?’

‘न्हाई.’

‘पावती? दाखला? फोटो?’

‘न्हाई.’

‘मग प्रश्नच मिटला,’ मी धोंडीरामांना म्हणालो आणि माझा कागद टेबलावर ठेवला. ‘हा बघा. सगळे रकाने भरलेत.’

धोंडीरामांनी कागद डोळ्यांसमोर धरला. ‘आज्जे, मागं वळू नको. घोडीच्या खुणा सांग.’

साखराबाईंनी काठी आडवी ठेवली. ‘कपाळावर ठिपका. म्हणून तर टिकली म्हणतो तिला. डावा कान फाटका. शिंगरू हुती तवा बोराटीत घुसली.’

धोंडीराम कागदावर पेननं खूण करायला गेले. लॅमिनेशनवर पेन उमटेना. त्यांनी नखानं रेघ ओढली.

‘उजव्या पुठ्ठ्यावर डाग. पोट फुगलं हुतं, माझ्या सासूनं विळा तापवून दिला. मागचा डावा पाय वीतभर पांढरा. गळ्याखाली भवरा.’

नख पुढं पुढं सरकत होतं. मी इतक्या मेहनतीनं भरलेला एकेक रकाना ती बाई न वाचता वाचून दाखवत होती. दीड तास उन्हात उभा राहून मी तिच्याच मालकीचा पुरावा तयार केला होता, लॅमिनेशनसकट.

‘वय?’

‘नऊ वर्सं. खोटं वाटत आसंल तर दात बगा. घोडं तोंडात खोटं बोलत न्हाई.’

‘अन् आयाळीखाली उजव्या अंगाला बोराएवढी गाठ हाय,’ साखराबाईंनीच शेवटी सांगितलं.

मी उठून उभा राहिलो. ‘हे बघा. कागदात अशी गाठ नाही. म्हणजे बाईंची घोडी दुसरी.’

धोंडीराम शांतपणे बाहेर गेले, आयाळ वर केली, हात फिरवला आणि परत येऊन खुर्चीत बसले.

‘गाठ हाय,’ ते म्हणाले. ‘साहेब, तुमचा कागद अपुरा हाय.’

एकोणीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं.

‘अहो, कशाला ताणता,’ वनमाला दारातून म्हणाली. ‘भांड्याबिगर चालत न्हाई ती, तवाच मला कळलं हुतं, कुणाचं तरी बिऱ्हाड वाहतीय म्हणून. आज्जे, हाक मारा तिला.’

साखराबाई पायरीवर आल्या आणि ‘टिकले’ एवढंच म्हणाल्या, तेही हळू. घोडीनं मान वर केली आणि जी खिंकाळली, तशी माझ्याकडं कधी खिंकाळली नव्हती. मी तर तिचा आवाजच पहिल्यांदा ऐकला. दिपालीचं लेकरू दचकून रडायला लागलं आणि दिपाली मात्र हसत होती. साखराबाईंनी घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं.

मी मोठ्या मनानं हरकत मागं घेतली. (ती कुणी विचारात घेतली नव्हती.) पंचवीस हजारांचं काय, असं मी विचारल्यावर धोंडीराम म्हणाले, ‘अमरसिंहाचा पत्ता?’ मी म्हणालो, ढाब्यामागं. ‘आडनाव?’ ते मी विचारलं नव्हतं. ‘वर्णन?’ मला गॉगल आठवला.

वनमालानं तोवर सगळी भांडी दिपालीला देऊन टाकली होती, तव्यासकट. ‘वाटंनं थांबली तर,’ म्हणाली.

आता फक्त घोडी ताब्यात दिल्याचा कागद व्हायचा होता. धोंडीरामांनी साखराबाईंचा अंगठा घेतला आणि माझ्याकडं वळले. ‘तुमचं आधार?’

आधार घरी होतं. कचेरीचं ओळखपत्र कचेरीत ड्रॉवरमध्ये. फोनमध्ये सगळ्याचे फोटो होते, पण फोन मघाच बंद पडला होता.

‘मग तुमी अर्जुनरावच कशावरून?’

‘हवालदारसाहेब, तुम्ही मला रोज बघता.’

‘मी बगतो. पर मीच लिवणार अन् मीच साक्षीदार, असं चालत न्हाई. चोरीची घोडी तुमच्याकडं गावली हाय. वळख पटल्याबिगर सोडता येत न्हाई.’

मी वनमालाकडं पाहिलं.

‘घरचं माणूस न्हाई चालत,’ धोंडीराम म्हणाले.

मला आत बसवून ठेवायची वेळ आली, तेव्हा साखराबाई निघता निघता थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

‘मी देते की वळख,’ त्या म्हणाल्या. ‘लिवा. पंधरा दिस आमच्या जनावराला सांबाळलंय त्यानी. अंगावर चाबकाचा वळ न्हाई.’ त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. ‘रंग सावळा. उंची बेताची. पोट सुटलेलं. डाव्या कानामागं चामखीळ. सोभावानं गरीब हाय. जरा अडतंय, पर लाथ मारत न्हाई.’

धोंडीराम शब्दन् शब्द लिहून घेत होते. ‘वय?’

‘सत्तेचाळीस,’ मी म्हणालो.

‘तुमी न्हाई सांगायचं. साक्षीदारानं सांगायचं.’

साखराबाई माझ्याजवळ आल्या, काठी काखेत धरली आणि म्हणाल्या, ‘साहेब, तोंड उघडा.’

मी वनमालाकडं पाहिलं. तिनं मान हलवली, म्हणजे उघडा. मी उघडलं.

बाईंनी हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं, खालची दातांची ओळ पाहिली, वरची पाहिली, आणि धोंडीरामांना सांगितलं, ‘साठीच्या पुढं.’

त्यांनी तेच लिहिलं, आणि मी खाली सही केली.